अर्जदार माठ असल्याबाबत

मुलीच्या वर्गशिक्षिकेनं शाळेत बोलावलं की बापाचं वय आपोआप दहा होतं. मी त्या बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीपर्यंत घेऊन बसलो आणि आपण नक्की काय केलं असेल याची मनातल्या मनात यादी करू लागलो. यादी करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. नळजोडणीच्या कार्यालयात बावीस वर्षं मी तेच करतोय. लोक नव्या नळासाठी अर्ज करतात, मी त्यातल्या त्रुटी शोधतो. पहिल्या फटक्यात मंजूर झालेला अर्ज माझ्या टेबलावरून अजून गेलेला नाही. याचा मला अभिमानही होता.

"तुमच्या मुलीचं नाव मी संमेलनाच्या निवेदनासाठी घातलं होतं," बाई म्हणाल्या. "वर्गात तिच्याइतकं स्वच्छ कुणी वाचत नाही. पण ती नको म्हणते. का, म्हणून विचारलं, तर म्हणते, मी माठ आहे, माठच राहणार." बाईंनी स्वतःच्या कपाळावर तळहात मारून दाखवला. "असं करून म्हणते."

तळहात बाईंचा होता, पण मारण्याची पद्धत माझी होती. आधी फट्‌कन आवाज, मग हात तसाच डोळ्यांवर घसरू द्यायचा. ही मी स्वतः बसवलेली चाल आहे.

"घरी कोण म्हणतं तिला असं?"

"तिला कुणीच नाही," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. खारूवर (लहानपणी ती बिस्किट दोन्ही हातांत धरून कुरतडायची, म्हणून खारू) मी कधी आवाजसुद्धा चढवलेला नाही. "मी फक्त मला म्हणतो."

बाई काही बोलल्या नाहीत. शिक्षकांना न बोलण्याचं वेगळं प्रशिक्षण मिळत असावं. मग मीच सगळं सांगून टाकलं. किल्ली विसरली, दूध उतू गेलं, बस चुकली, फोन ठेवताना 'बरं' ऐवजी 'बरं बरं बरं' म्हणालो, की हात कपाळावर जातो आणि तोंडातून 'माठ आहेस' निघतं. घरात कुणी ते ऐकतसुद्धा नाही, असं मी समजत होतो. बायको तर त्यावरून वेळ ओळखते. दिवसातला पहिला माठ म्हणजे साडेसहा वाजले, चष्मा सापडत नाहीये.

बाईंनी कपाटातून एक कोरी वही काढली. "मधे रेघ मारा. डावीकडे मन काय बोललं ते लिहायचं. उजवीकडे, हेच तुमचा एखादा मित्र स्वतःबद्दल बोलला असता तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता, ते. संमेलन महिन्याभरावर आहे. मी तीन आठवडे तिची जागा कुणाला देत नाही."

"चालेल, करून घेतो तिच्याकडून," मी वही घेत म्हणालो.

"तिच्याकडून नाही. वही तुमच्यासाठी आहे."

घरी येईपर्यंत मी हा अपमान गिळला होता, पण खारूनं जिन्यातच जाहीर केलं, की बाबांना शाळेतून गृहपाठ मिळालाय. आमच्या इमारतीत एखादी गोष्ट जिन्यात बोलली की ती छापून आल्यासारखीच. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे निवृत्त फौजदारकाका हातात एक जाड रबरबँड घेऊन हजर झाले.

"मन हा सराईत गुन्हेगार आहे," ते म्हणाले. "वह्या लिहून वठणीवर येत नसतो. हे मनगटात घाला. वाकडं बोलला की ओढायचं आणि सोडायचं."

दुसऱ्या दिवशी मी ते घालून कचेरीत गेलो. एक अर्ज उलटा धरला होता, म्हणून माठ म्हणालो, म्हणून रबर ओढलं. ते इतकं लागलं की 'एवढ्या जोरात ओढतात का, माठ' असं तोंडून गेलं. नियमाप्रमाणे पुन्हा ओढावं लागलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मनगट टम्म फुगलं आणि शेवटी ते रबर तुटून थेट साहेबांच्या चहात पडलं. साहेबांनी ते बोटानं काढलं, पाहिलं, आणि बशीत ठेवलं. आमचे साहेब चौदा वर्षांत फारसं काही बोललेलेच नाहीत, त्यामुळे ते रागावले आहेत की नाहीत हे मला कधीच कळत नाही, आणि मी रागावले आहेत असं धरून चालतो.

मग शेजारच्या पार्लरवाल्या ताईंनी मला ताब्यात घेतलं. "काका काहीतरीच सांगतात. रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं आणि स्वतःला चार चांगले शब्द मोठ्यांदा ऐकवायचे. माझ्या गिऱ्हाइकांना मी हेच सांगते."

घरात निवांत आरसा एकच, न्हाणीघरातला. सकाळी सात वाजता मी दार लावून त्यात बघितलं आणि म्हणालो, "तू कर्तबगार आहेस. तुझ्यावाचून या घराचं पान हलत नाही. तू आहेस म्हणून सगळं आहे." आरशातला माणूस ओशाळला. तरी मी नेटानं पाच दिवस म्हणत राहिलो.

सहाव्या दिवशी फौजदारकाका पुन्हा खाली आले. या वेळी ते दाराबाहेरच उभे राहून कुजबुजत होते, आणि फौजदाराला कुजबुजताना मी प्रथमच पाहत होतो.

"तुमच्या न्हाणीघराची खिडकी आणि आमची खिडकी एकाच चौकात उघडतात."

"हो. म्हणजे ऐकू येतं की काय?"

"माझं सोडा, काकूंना येतं. सातला त्या तिथं कपडे भिजवत असतात, आणि मी शेजारच्या खोलीत दाढी करत असतो. त्यांना वाटतंय मी म्हणतोय." काकांनी जिन्याकडे पाहिलं. "पाच दिवस झाले, त्या गाणं गुणगुणतायत. बेचाळीस वर्षांत मी असलं काही बोललेलो नाही. आता मी नव्हेच म्हणून सांगू कसा?"

मी लगेच बंद करतो म्हणालो. काकांचा चेहरा एकदम उतरला.

"बंद नका करू," ते म्हणाले. "निदान हा आठवडा."

पण माझा घसा बसला होता, आणि दुसऱ्याच्या संसारात आपण आवाज द्यावा हे मला झेपणारंही नव्हतं. आरशाचा नाद तिथेच सुटला. उरली बाईंची वही.

आता वहीबद्दल सांगतो, कारण खरं प्रकरण तिथं झालं. मला साध्या वहीत लिहिता येत नाही. रेघ मारून 'माठ' एवढंच लिहिलं तर ते हवेत लोंबकळल्यासारखं दिसतं. म्हणून मी वहीची पानं सोडवली, कचेरीतल्या जुन्या फायलीच्या पुठ्ठ्यात व्यवस्थित लावली, वर घरचा पत्ता घातला आणि विषय लिहिला: 'अर्जदार माठ असल्याबाबत'. मग डावीकडे अनुक्रमांकानं लिहीत गेलो. एक, छत्री बसमध्ये विसरलो. तीन, दिवाणखान्यातली पुस्तकांची फळी वाकडी लावली, आल्यागेल्याला दिसते. सात, सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि एक दिवस हे त्यांच्या लक्षात येईल. नऊ, खारूला सायकल शिकवताना हात लवकर सोडला, ती पडली, गुडघ्याला तीन टाके, बाप म्हणून नालायक.

दोन आठवड्यांत डावी बाजू भरून वाहिली. उजवी बाजू कोरी. मी प्रयत्न केला नाही असं नाही. पेन टेकवून अर्धा अर्धा तास बसलो. पण बावीस वर्षं माणसाच्या कागदात फक्त काय कमी आहे तेच बघितलं, की चांगलं लिहायला शब्द सापडत नाहीत. आणि इकडे खारू गणित चुकलं की फट्‌कन कपाळावर हात मारायची, आणि मी ते बघून माझ्या कपाळावर मारायचो. बायको दोघांकडे आळीपाळीनं बघायची आणि उठून आत जायची.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, फाइल हरवली. मी ती पिशवीतून टेबलावर काढली होती, मन कधी काय बोलेल त्याचा नेम नसतो म्हणून. शिपाई आला, टेबलावरचा गठ्ठा उचलला, घेऊन गेला. गठ्ठ्यात तीही गेली.

मी धावत आवक विभागात गेलो. तिथल्या कारकुनानं सांगितलं, फाइलला नंबर पडलाय आणि ती पुढे तपासणीला गेलीय. मधूनच परत हवी असेल तर कारणासह लेखी मागणी करा. हा नियम कुणी काढला, असं मी चिडून विचारलं, तेव्हा त्यानं भिंतीवरचं परिपत्रक दाखवलं. खाली मसुदा करणाऱ्याची सही माझी होती.

कारण काय लिहिणार? मी गप्प बसायचं ठरवलं. आमच्याकडे फाइल कुणी वाचत नाही, हाच एक आधार होता. फाइल वाचायची नसते, आपला शेरा मारून पुढच्या टेबलावर ढकलायची असते. बुधवारी ती तपासणीच्या मॅडमच्या टेबलावर दिसली. गुरुवारी साहेबांच्या. मी दोनदा केबिनपर्यंत जाऊन परत आलो. शुक्रवारी ती कुठेच दिसली नाही, आणि सोमवारी बाईंची मुदत संपत होती.

रविवारी सकाळी नऊला बेल वाजली. दारात आमच्या कार्यालयाचे ओव्हरसियर उभे होते. काखेत माझी फाइल, हातात ओळंबा, टेप आणि सपाटी मोजायची बुडबुड्याची पट्टी.

या गृहस्थांबद्दल एवढंच सांगायचं, की ते कधी हसत नाहीत आणि अख्ख्या कार्यालयात फाइल वाचणारे तेवढे एकटेच आहेत. त्यामुळे त्यांच्याकडे कामं तुंबतात आणि त्यांना बढती मिळत नाही.

"स्थळपाहणीला आलोय," ते म्हणाले.

"अहो, ती फाइल चुकून गेली. परत द्या, विषय संपला."

"पाहणी केल्याशिवाय परत करता येत नाही. तुमचंच परिपत्रक आहे. दोन पंच लागतील."

पंच शोधावे लागले नाहीत. फौजदारकाका आणि पार्लरवाल्या ताई बेल ऐकूनच आले होते. बायकोनं चहा टाकला. खारू अभ्यास सोडून दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, पण आमचं घर तिसऱ्या मजल्यावर.

ओव्हरसियर फळीपाशी गेले. "अनुक्रमांक तीन. फळी वाकडी." त्यांनी फळीवर बुडबुड्याची पट्टी ठेवली, वाकून पाहिलं, मग भिंतीला ओळंबा सोडला. "फळी सरळ आहे," ते म्हणाले. "भिंत कललीय, पाऊण इंच. बांधतानाच." आणि त्यांनी उजव्या रकान्यात लिहिलं.

सात वर्षं मी त्या फळीपुढे पाहुण्यांना बसू दिलं नव्हतं.

"अनुक्रमांक एक, छत्री. किती छत्र्या हरवल्यात?"

"आयुष्यात? तीन असतील," मी म्हणालो.

"माझ्या अकरा," ताई म्हणाल्या. ओव्हरसियरनी तेही लिहिलं.

काहींना पुरावा नव्हता, त्यापुढे त्यांनी 'पुराव्याअभावी' असं लिहिलं. एक मात्र त्यांनी खरं ठरवलं. मोठ्या मेव्हण्याला मी पत्र पाठवायचं विसरलो होतो. "हे झालंय," ते म्हणाले, "आज पाठवा." इतकंच. त्यावर माठ किंवा शहाणा असा काही शेरा नव्हता. मला ते फार विचित्र वाटलं. चूक नुसती चूक म्हणून लिहिता येते, हे बावीस वर्षांत मला सुचलं नव्हतं.

मग त्यांनी पान उलटलं आणि थांबले. मला माहीत होतं कुठलं ते. "हा राहू द्या," मी म्हणालो.

"राहू देता येत नाही," ते हळू आवाजात म्हणाले, आणि खारूकडे वळले. "बाळ, गुडघा दाखवतेस?"

खारूनं फ्रॉक जरा वर केला. पांढरी रेघ, नखाएवढी.

"दुखतो?"

"नाही. कधीच नाही दुखत."

"सायकल येते?"

"येते की. हात सोडूनपण येते. बाबांनी शिकवली."

ओव्हरसियरनी बसल्याजागी लिहिलं आणि फाइल माझ्यापुढे सरकवली. 'अ. क्र. ९. सायकल येते.'

मी ते वाचलं आणि मला पुढची अक्षरं दिसेनात. चष्म्याचा दोष असेल म्हणून तो पुसला. खारू येऊन माझ्या खांद्याला टेकली आणि डाव्या बाजूचं सगळं वाचू लागली. मी पान झाकायला गेलो, पण ती भराभर वाचते. खरंच वर्गात तिच्याइतकं कुणी वाचत नसेल.

"बाबा, मी पडले त्याचं तुम्ही अजून लिहिता?" ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि हे पेन्सिलीनं कुणी लिहिलंय?"

मी पाहिलं नव्हतं. सातव्याच्या उजव्या बाजूला, अगदी कडेला, बारीक पेन्सिलीत दोन ओळी होत्या. 'मलाही रोज असंच वाटतं. केबिनचं दार लावून बसतो ते त्यामुळे.' खाली सही नव्हती, पण कार्यालयात केबिन एकच आहे. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, तपासणीच्या मॅडमच्या त्या गोल गोल अक्षरात: 'मला वाटायचं, मी एकटीच.'

"पेन्सिलीनं का?" खारूनं विचारलं.

"पेननं लिहिलेलं कचेरीचं असतं," मी सांगितलं. "फायलीत कायम राहतं. पेन्सिलीनं लिहिलेलं माणसाचं. ते नंतर खोडायचं असतं."

"हे खोडायचं?"

मी ओव्हरसियरकडे पाहिलं. ते टेप गुंडाळत होते. "माझ्याकडे खोडरबर नाही," ते म्हणाले, आणि शर्टाच्या खिशातून डोकावणारं खोडरबर अंगठ्यानं आत दाबलं.

पंचांच्या सह्या झाल्या. निघताना फौजदारकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, "सातचं मी स्वतः सुरू केलंय. समोर उभं राहून नाही जमत. खिडकीतून जमतं." काकूंना कळलंय का, मी विचारलं. "पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आज आवाज बरा लागलाय," काका म्हणाले, आणि जिना चढून गेले.

रात्री जेवताना खारू ताटाकडे बघत म्हणाली, "उद्या बाईंना हो सांगू? पण एक शब्द आहे, 'कार्यकर्तृत्वाचा'. तिथं मी अडकतेच."

जुना मी असतो तर म्हणालो असतो, अगं अडकत नाहीस, छान जमेल. किंवा शंभर वेळा म्हणून घेतला असता. मी ओव्हरसियरचं अक्षर आठवलं. "अडकतेस खरी," मी म्हणालो. "नुसतं तिथंच ना?"

तिनं विचार केला. "हो. नुसतं तिथंच."

संमेलनाला मी पाचव्या रांगेत बसलो होतो. खारू मंचावर आली, हातात जाड कागदाचं कार्ड. सुरुवात झाली. बायकोनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता, कौतुकानं नव्हे, तो कपाळावर जाऊ नये म्हणून. प्रमुख पाहुण्यांची ओळख आली. "यांच्या कार्य, कार्यकर, कार्य," आणि खारू थांबली. मागे कुणीतरी हसलं. तिचा उजवा हात वर निघाला. तो हात मी सभागृहात कुठूनही ओळखला असता. तो कपाळापर्यंत पोचला, आणि तिथं तिनं बट कानामागे सारली, कार्डाकडे एकदा नीट पाहिलं, आणि म्हणाली, "यांच्या मोठ्या कामाचा परिचय मी करून देते." पुढे सगळं स्वच्छ वाचलं.

घरी आल्यावर ती बूट न काढता झोपली. मी तिच्या मुठीतलं कार्ड सोडवलं. त्या कठीण शब्दापुढे, कडेला, पेन्सिलीनं बारीक अक्षरात तिनं स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं: 'इथे चुकलीस तर चालेल.'

बायको म्हणाली, "खोडू नका हां." मी ते कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं.

सोमवारी कार्यालयात पोचलो आणि चष्मा घरी राहिल्याचं लक्षात आलं. समोर नळासाठी अर्ज घेऊन एक म्हातारे गृहस्थ उभे होते, त्यांची ही पाचवी खेप. माझा हात सवयीनं कपाळाकडे निघाला, अर्ध्या वाटेत खिशाला लागला, आणि तिथंच राहिला. चष्म्याशिवाय मला त्या अर्जात फक्त त्यांचं नाव, पत्ता आणि 'पाणी मिळावे' एवढंच दिसत होतं. मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि अर्ज मंजूर केला.